पट्ट्यांचे गणित



मी शाळेत फार शिकलेला माणूस नाही. माझे बरेचसे गणित पगारपत्रकावर झाले. म्हणूनच सिंगापूरची ही हकीकत मला जवळची वाटते.

सिंगापूर १९६५ साली स्वतंत्र झाले. खनिज नाही, म्हणण्यासारखी शेतीही नाही. माणसे हेच भांडवल. १९८० साली तेथील सरकारने अभ्यासक्रम तयार करणारी संस्था काढली. पुढच्याच वर्षी पहिली ते चौथीच्या सुमारे १७,००० मुलांची चाचणी झाली. शाब्दिक उदाहरणांत ‘एकूण’, ‘उरले’ असे खुणेचे शब्द असले, की दुसरी ते चौथीची शेकडा ८७ मुले ती सोडवीत. ते शब्द काढून घेताच आकडा ४६ वर आला! म्हणजे निम्मी मुले गणित करीतच नव्हती, शब्द हुंगीत होती.

आता हे उदाहरण पाहा. बाळूजवळ १४ गोट्या आहेत. सदूपेक्षा त्या ५ ने जास्त आहेत. सदूजवळ किती? ‘जास्त’ दिसताच मूल बेरीज करून १९ सांगते. डॉ. खो तेक होंग यांच्या मंडळाने येथे दोन पट्ट्या काढावयास शिकविले. वर बाळूची लांब पट्टी, खाली सदूची आखूड, आणि मधली उणीव ५ ची. उत्तर ९, हे डोळ्यांना दिसते. आधी हातात ठोकळे, मग चित्र, शेवटी आकडे, असा हा क्रम.

१९९५ च्या आंतरराष्ट्रीय गणित-चाचणीत सिंगापूर पहिले आले. सारे श्रेय पट्ट्यांना देणे मला पटत नाही. शिक्षकांच्या तयारीचा वाटाही मोठा होता.

एकदा आमच्यापुढे एका कराराचा मसुदा आला : ‘मूळ पगारात शेकडा १० वाढ.’ बारा हजार मिळविणारे कामगार बाराशेच्या हिशेबाने खूष. मी युनियनच्या फळ्यावर बारा हजारांची पट्टी काढली, आणि तीत मूळ पगाराचा पाच हजारांचा तुकडा रंगविला. मागून एक फिटर उठला. म्हणाला, “भाऊ, म्हणजे वाढ एवढ्याशा तुकड्यावरच? पाचशेच?”

मसुदा त्याच संध्याकाळी परत गेला.