एका चिनी पटावरील मुद्रा व अक्षर

लंडन येथील ब्रिटिश म्युझियमच्या चिनी चित्रांच्या प्रदर्शनांत ‘राजस्त्रियांस उपदेश’ या रेशमी पटाचें दर्शन आम्हांस घडलें. तो फार नाजूक असल्यामुळें वर्षांतून थोडेच आठवडे उघडा ठेवितात. झांग हुआ यानें इ. स. २९२ त लिहिलेला बोध यांत चितारला असून मूळच्या बारांपैकीं नऊ प्रसंग उरले आहेत. परंपरा त्याचा कर्ता चौथ्या शतकांतील गू काइझी यास मानते. परंतु ही नंतरची नक्कल होय, असें अभ्यासकांचें बहुमत आहे.

आमची दृष्टि मात्र चित्राहून मुद्रांवरच खिळली. सोळाव्या शतकांतील संग्राहक शियांग युआनबियान, पुढें लियांग चिंगबियाओ, आन ची व अखेर चियेनलुंग बादशहा, प्रत्येकानें आपली तांबडी मुद्रा उमटविली आहे. आपल्याकडे पोथी विकतांना पूर्वस्वामीचें नांव हरताळ लावून बुजविण्याची जी खोड, तिनें किती पोथ्या अनाथ झाल्या!

शेवटीं जोडलेला लेख सुंग बादशहा हुइझुंगाचा, असा पुष्कळ काळ समज होता. अक्षराची धाटणी त्याचीच. परंतु त्यांतील ‘गुंग’ हें अक्षर शेवटच्या रेघेवांचून लिहिलेलें आढळलें. वडिलांच्या नांवांतील अक्षर पुरतें लिहावयाचें नाहीं, हा चिनी शिष्टाचार; आणि ‘गुंग’ हें जिन बादशहा झांगझुंग (कारकीर्द ११८९–१२०८) याच्या पित्याच्या नांवांत होतें. एका गाळलेल्या रेघेनें लेखक बदलला!

म्युझियमानें १९०३ त पट घेतला व १९१४–१५ त चित्र मागाहूनच्या जोडभागांपासून वेगळें करून ताठ फळीवर चढविलें. गुंडाळी उलगडतांना एकामागून एक मालक भेटावयाचे. तो क्रम आतां मनानेंच जुळवावा लागतो.