जवसाचं तेल

आमच्या वऱ्हाडातल्या घराचा पुढचा दरवाजा सागवानी, आजोबांच्या वेळचा. त्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल लागायचं. ताईचं लग्न ठरलं त्या साली ते काम माझ्याकडे आलं. मॅट्रिकची परीक्षा नुकतीच झाली होती. जास्त तेल तर जास्त चमक, एवढाच माझा हिशोब. घाण्यावरचं कच्चं तेल मी वाट्यांनी ओतलं आणि तसंच सोडलं.

आठ दिवस झाले, दरवाजा वाळेना. बोट लावलं की चिकटायचं. कडब्याचा भुसा, कोंबडीचं पीस, आईच्या लुगड्याचा दोरा, सगळं त्यावर. लग्न बारा दिवसांवर. बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

सुतारमामांना बोलावलं. त्यांनी नखानं वरची साय उचलली. "काहून रे पोट्ट्या, दरवाजाले तेल पाजलं का? लाकूड पोटापुरतंच पेते. बाकीचं पुसून घ्या लागते."

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट होतं. थर जाड असला की वर कातडी धरते आणि खालचं तेल हवेवाचून तसंच चिकट राहतं. हे मला फार उशिरा पुस्तकात सापडलं. तिथंच वाचलं, की विलायतेत फ्रेडरिक वॉल्टननं रंगाच्या डब्यावरची हीच साय पाहिली, आणि १८६३ साली त्यातून जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचं पेटंट घेतलं. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली होतीच. इकडचं जवस मुंबईच्या बंदरातून विलायतेला जायचं. आम्हाला मात्र जवस म्हणजे चटणी, नाहीतर दरवाजाचं तेल.

मामांनी तालुक्याहून टर्पेंटाइन आणवलं. त्यात भिजवलेलं फडकं दरवाजावर दाबून धरायचं, साय मऊ झाली की गोणपाटानं लाकडाच्या रेषांच्या दिशेनं घासायचं. जिथं निघेना तिथं काचेच्या तुकड्यानं हलकेच खरवडायचं. दोन दिवस माझे हात सोलून निघाले. मग तेलात निम्मं टर्पेंटाइन घालून मामांनी एकच पातळ हात दिला, थोडा वेळ थांबले, आणि कोरड्या फडक्यांनी सगळं पुसून काढलं. माझ्या मते लावण्यापेक्षा पुसायलाच त्यांनी जास्त वेळ घेतला.

संध्याकाळी हात धुता धुता त्यांनी विचारलं, "चिंध्या कुठी फेकल्या रे?"

"गोठ्यात, कडब्याच्या गंजीपाशी."

मामा ओल्या हातानंच धावले. मी मागोमाग. त्यांनी चिंध्यांचा बोळा उचलून माझ्या हातात दिला. आतून तो चांगलाच गरम होता, चुलीवरून उतरवलेल्या भाकरीसारखा. विस्तव जवळपास कुठं नव्हता. वाळताना ते तेल स्वतःच तापतं, आणि बोळ्यात कोंडलं की पेट घेतं. गंजीच्या पलीकडे दोन बैल बांधलेले होते, आणि लग्नाचं सामान त्याच गोठ्याच्या माळ्यावर.

मामांनी चिंध्या हौदात बुडवल्या, मग एकेक सुटी करून कुंपणावर वाळत घातली. बाबांना त्यांनी ते सांगितलं नाही. मीही नाही.

लग्नाला दरवाजा छान दिसला. चौकटीच्या नक्षीत एका कोयरीत मात्र साय राहून गेली होती. त्यात हळदीच्या दिवशीचा पिवळा ठिपका अजून आहे.