देवाची परवानगी

तरुण मुलगा अपघातात जातो, आणि घरी सांत्वनाला आलेले धर्मगुरू म्हणतात की देवाने हे केले नाही, त्याने फक्त होऊ दिले. ख्रिस्ती जगात हे वाक्य इतके रुळले आहे की त्यामागे मोठा वाद दडला आहे याची बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कल्पनाही नसते. देव सर्वशक्तिमान आणि सर्वस्वी चांगला असेल, तर जगात दुष्टपणा कसा, हा तो वाद. ‘करणे’ आणि ‘होऊ देणे’ यांत फरक करून देवाला दोषापासून दूर ठेवायचे, हे त्याचे सर्वांत लोकप्रिय उत्तर. ही देवाला वाचवण्यासाठी धर्मशास्त्र्यांनी शोधलेली पळवाट आहे असे नास्तिक म्हणतात, आणि पुष्कळ आस्तिकांनाही मनातून तसेच वाटते. मला मात्र या युक्तिवादाचे कुळ तपासले की वेगळे दिसते. देवाच्या परवानगीची कल्पना जन्मली तेव्हा ती त्याला जबाबदारीतून सोडवत नव्हती. ती जबाबदारी त्याच्याच माथी ठेवत होती. निर्दोषत्वाचा अर्थ तिला पुढे, ग्रीक तत्त्वज्ञानाच्या सहवासात येऊन चिकटला, आणि नंतरची सगळी भांडणे या दोन अर्थांमधली आहेत.

पहिला अर्थ जुन्या करारातल्या ईयोबाच्या पुस्तकात दिसतो. तिथे देवाचा दरबार भरला आहे. ‘सैतान’ हे अजून नरकाच्या राजाचे नाव झालेले नाही; तो दरबारातला एक हुद्देदार आहे, लोकांच्या निष्ठेवर संशय घेणारा सरकारी वकील म्हणा. ईयोबाची भक्ती खरी की सुखाच्या बदल्यातली, हे तपासायची परवानगी तो मागतो आणि त्याला ती मर्यादा घालून मिळते: आधी मालमत्तेपुरती, मग शरीरापुरती, पण जिवाला हात न लावण्याच्या अटीवर. इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, पाहा, पीडा सैतानाने केली आणि देवाने फक्त होऊ दिली. पण दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीत देव स्वतःच सैतानाला ऐकवतो की तू मला याच्याविरुद्ध चिथावून विनाकारण याचा नाश करायला लावलेस. नाश करणारा म्हणून तो स्वतःकडे बोट दाखवतो. शेवटच्या अध्यायात भाऊबंद ईयोबाच्या घरी येतात ते परमेश्वराने त्याच्यावर आणलेल्या अरिष्टाबद्दल त्याचे समाधान करायला. तिथे सैतानाचे नावही निघत नाही. राजाने परवाना दिला की कृत्य राजाच्या खात्यावर पडते, हा दरबारी हिशेब लेखकाला इतका स्वाभाविक वाटतो की तो समजावून सांगत नाही. यशयाच्या 45व्या अध्यायात देव प्रकाश आणि अंधार, कुशल आणि अरिष्ट ही दोन्ही आपणच घडवतो असे सांगतो, आणि नगरावर संकट आले तर ते परमेश्वराने आणलेलेच नव्हे काय, असे आमोस विचारतो. ईयोबाची गोष्ट याच परंपरेत बसते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुबळा नाही. दावीद राजाने केलेल्या शिरगणतीची गोष्ट बायबलमध्ये दोनदा आहे. दुसऱ्या शमुवेलात परमेश्वर कोपतो आणि दाविदाला शिरगणतीला प्रवृत्त करतो. तीच गोष्ट नंतर लिहिलेल्या पहिल्या इतिहासात येते तेव्हा दाविदाला चिथावणारा सैतान असतो. म्हणजे देवाच्या अंगावरचा डाग पुसण्याचे काम ग्रीकांच्या मदतीशिवाय हिब्रू परंपरेतच सुरू झाले होते, असे म्हणता येईल. पण डाग पुसणे हाच लेखकाचा हेतू असता, तर त्याने ते काम अर्धवट सोडले नसते. शिरगणतीच्या शिक्षेदाखल सत्तर हजार माणसे मरीने मरतात, आणि ती मरी त्याच्याही कथेत देवच पाठवतो. अहाब राजाला लढाईत मारण्यासाठी देवाच्या दरबारातला एक आत्मा खोटे बोलायला निघतो आणि देव त्याला ‘जा’ म्हणतो, ही मीखाया संदेष्ट्याने सांगितलेली कथा तर इतिहासकाराने दुसऱ्या पुस्तकात जवळजवळ जशीच्या तशी ठेवली आहे. त्याने चिथावणी हलवली, पण हुकूम देवाकडेच ठेवला.

दुसरा अर्थ अथेन्सहून आला. प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात नियमच घालून दिला की देव चांगल्याचेच कारण आहे, वाइटाची कारणे दुसरीकडे शोधावीत, आणि शेवटच्या भागात त्याने निवड करणाऱ्यावर जबाबदारी टाकून देवाला मोकळे केले. दरबार भरवणाऱ्या हिब्रू देवाला हा नियम मानवणे अवघडच होते. दुसऱ्या शतकात मार्सिऑनने दोन्हींतली विसंगती उघड केली. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपी गावचा हा जहाजमालक 144 साली रोमच्या मंडळीतून बाहेर पडला, आणि जुन्या कराराचा न्यायी देव वेगळा, येशूचा दयाळू पिता वेगळा, असे शिकवू लागला. अरिष्ट आपणच घडवतो असे म्हणणारी यशयाची ओवी त्याच्या हातातले मोठे शस्त्र होते. त्याला उत्तर देताना चर्चला देव एकच ठेवायचा होता आणि निर्दोषही ठेवायचा होता. ग्रीक तत्त्वज्ञानात मुरलेल्या अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ‘स्ट्रोमाटा’मध्ये या कोंडीला थेट हात घातला. जो अडवू शकत होता पण अडवत नाही, तो घडलेल्या गोष्टीचे कारण ठरतो का? हेक्टर ग्रीकांची जहाजे जाळत असताना अकिलीझ स्वस्थ बसला, हे उदाहरण तिथे चर्चेला येते. कारण म्हणजे काही करणे, आणि न अडवणे म्हणजे काहीच न करणे, असा क्लेमेंटचा कौल. ‘होऊ देणे’ आणि निर्दोषत्व यांची गाठ इथे बांधली गेली. ती घाईने बांधली गेली असे मला वाटते. अकिलीझ तंबूत बसू शकतो. पण ज्याच्या आधाराशिवाय हेक्टरचा हातही उचलला जात नाही असे ख्रिस्ती मानतात, त्या देवाला कोणत्या तंबूत बसवणार?

लॅटिनमध्ये हीच कल्पना तत्त्वज्ञानाबरोबर प्रार्थनेतूनही शिरली, आणि हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आम्हाला परीक्षेत आणू नको अशी विनंती आहे. ज्याला विनवायचे तोच मोहाकडे नेणारा, ही अडचण कार्थेजच्या टर्टुलियनला सुमारे 200 साली खुपली. त्याने त्या ओळीचा अर्थ, मोहात पाडणाऱ्याकडून आम्हाला नेले जाऊ देऊ नकोस, असा लावला. अर्ध्या शतकानंतर त्याच शहराचा बिशप सिप्रियन प्रार्थनेवर लिहितो तेव्हा हे स्पष्टीकरण मूळ ओळीतच शिरलेले असते. टीकाकाराचे मत भक्ताच्या तोंडी बसले होते. हा बदल आजवर थांबलेला नाही. फ्रान्समधल्या कॅथलिकांनी डिसेंबर 2017पासून आपली प्रार्थना ‘मोहात शिरू देऊ नकोस’ अशा अर्थाची केली, त्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी जुन्या भाषांतरांवर नाराजी व्यक्त केली, आणि काही आठवड्यांतच जर्मन बिशपांनी आम्ही जुनेच शब्द ठेवणार असे कळवले. पोर्तुगीज प्रार्थनेत ‘पडू देऊ नकोस’ हे आधीपासूनच होते, आणि गोव्यातले कॅथलिक कोकणीतून त्याच अर्थाची विनवणी करतात. मराठी बायबलात मात्र क्रियापद ‘आणणे’ हेच आहे. म्हणजे मांडवीच्या काठी देव होऊ देणारा आहे आणि अहमदनगरच्या प्रोटेस्टंट घरात तो आणणारा. दोन्हीकडच्या भक्तांना त्याचा पत्ता नाही, हे बरेच म्हणायचे.

याच टर्टुलियनने मार्सिऑनविरुद्धच्या ग्रंथात आणखी एक भेद केला, आणि पुढे तोच कामी आला. वाईट दोन प्रकारचे: अपराधाचे आणि शिक्षेचे. पाप सैतानाचे आणि माणसाचे. मरी, दुष्काळ, पराभव ही शिक्षा, आणि ती देवाची, बिनदिक्कत देवाची. यशयाची ओवी त्याने शिक्षेच्या खात्यात घातली. पापाबद्दल त्याचे म्हणणे असे की एकदा माणसाला स्वातंत्र्य दिल्यावर देवाने आडवे येणे म्हणजे दिलेले दान परत घेणे.

ऑगस्टिन या वादात आला तो नऊ वर्षे मानीच्या पंथात काढून. अंधार ही प्रकाशाविरुद्ध उभी असलेली स्वतंत्र सत्ता आहे, असे तो पंथ शिकवी. तिथून बाहेर पडल्यावर वाईट म्हणजे चांगल्याची उणीव, हे त्याने सिद्ध करू पाहिले. त्याचे श्रेय त्याला सगळे देतात. पण 421च्या सुमारास लिहिलेल्या ‘एन्किरिडिअन’मधले एक विधान मला जास्त महत्त्वाचे वाटते. सर्वशक्तिमानाची इच्छा असल्याशिवाय काहीच घडत नाही. तो एक तर होऊ देतो, नाहीतर स्वतः करतो, असा त्याचा आशय आहे. नीट पाहिले तर हे क्लेमेंटच्या उलट आहे. इथे ‘होऊ देणे’ हा इच्छेचा अभाव राहत नाही, तो इच्छेचाच एक प्रकार होतो. वाईट मुळीच असू न देण्यापेक्षा वाइटातून चांगले काढणे देवाला श्रेयस्कर वाटले, हेही तिथेच आहे. आणि ज्याला असे वाटले, त्याने निर्णय घेतला आहे. ईयोबाच्या दरबारातला राजा ऑगस्टिनने पुन्हा सिंहासनावर बसवला, फक्त प्लेटोची शुभ्र वस्त्रे नेसवून.

तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनसने या कल्पनेला कुंपण घातले. पाप घडावे असे देव इच्छित नाही, ते घडू नये असेही इच्छित नाही. ते घडू द्यावे असे इच्छितो, आणि हे इच्छिणे चांगले आहे. मात्र निसर्गातला नाश आणि शिक्षा यांबाबत अ‍ॅक्वायनस इथे परवानगीची भाषा वापरत नाही. सिंह जगावा असे देवाला वाटते, म्हणजे हरिण मरावे हेही ओघाने आले. ज्या चांगल्याला ते वाईट चिकटून येते ते इच्छिताना देव तेही इच्छितो. या मांडणीत परवानगी फक्त पापासाठी, कारण तिथेच देवाशिवाय दुसरी एक इच्छा कामाला लागलेली असते.

सोळाव्या शतकात दोन्ही अर्थांचे उघड भांडण झाले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने जानेवारी 1547मध्ये ठरवले की देव वाईट कृत्ये केवळ होऊ देत नाही तर स्वतः करतो, यहूदाचा विश्वासघात हे पौलाच्या पाचारणाइतकेच देवाचे काम, असे म्हणणारा बहिष्कृत. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या 1559च्या अंतिम आवृत्तीत या भेदाला सरळ पळवाट म्हटले आणि पुराव्याला ईयोबालाच उभे केले: उंट खास्द्यांनी लुटले, तरी ईयोब म्हणाला की परमेश्वराने नेले. कॅल्व्हिनपंथीयांच्या ‘वेस्टमिन्स्टर कन्फेशन’ने 1646मध्ये नुसत्या परवानगीची भाषा नाकारली आणि लगेच पापाचा कर्ता देव नाही असेही बजावले. कॅल्व्हिन क्रूर, ट्रेंट दयाळू, अशी मांडणी सर्रास होते. माझ्या मते जुन्या ग्रंथांचे वाचन कॅल्व्हिनचे अधिक सरळ आहे. पण विश्वासघात करणारा यहूदा आणि त्याचा करविता यांत काही अंतर ठेवले नाही तर ‘पाप’ या कल्पनेचाच चुराडा होतो, हे ट्रेंटला दिसले आणि कॅल्व्हिनला पुरेसे दिसले नाही.

‘करणे’ आणि ‘होऊ देणे’ यांत खरोखर फरक असतो, कायदाही तो मानतो, मग देवाला तो का नाकारायचा, असे कोणी विचारील. याला पियरे बेलने 1697च्या आपल्या कोशात उत्तर दिले आहे. मुली नृत्याला गेल्या तर त्यांचे शील जाणार हे पक्के ठाऊक असूनही त्यांना जाऊ देणारी आई नुसती न अडवणारी म्हणून सुटेल का? लायब्निझने 1710च्या ‘थिओडिसी’त प्रतिउदाहरण दिले: महत्त्वाच्या चौकीवरचा अधिकारी दोन शिपायांचे भांडण सोडवायला चौकी सोडून जाणार नाही. अधिकारी एकच आणि त्याला एकाच वेळी एकाच ठिकाणी असता येते. सर्वशक्तिमानाला ही अडचण कशी? लायब्निझ म्हणेल, अडचण त्याच्या बळात नाही, शक्य असलेल्या जगांच्या घडणीत आहे. हे पटो न पटो, पण त्याने वादाची जागा अचूक पकडली. कायदा न अडवणाऱ्याला सूट देतो ती त्याच्या मर्यादा पाहून. मर्यादा काढून घेतल्या की सूट मागायला दुसरे कारण द्यावे लागते, आणि ते द्यायचे ओझे देवावरच पडते.

लिस्बनमध्ये 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाला, चर्चे भरलेली असताना भूकंप झाला. मागोमाग समुद्र आत आला आणि आग लागली. त्या वेळी धर्मोपदेशकांनी ‘देवाने होऊ दिले’ असे म्हटले असावे, हा आजचा अंदाज चुकतो. जेझुइट मालाग्रिदाने 1756च्या पुस्तिकेत हा पापांबद्दल देवाने धाडलेला दंड आहे असे लिहिले. इंग्लंडात जॉन वेस्लीनेही तशाच सुरात लिहिले. टर्टुलियनच्या जुन्या विभागणीला हे धरूनच होते, कारण भूकंप शिक्षेच्या खात्यात होता. मालाग्रिदाला पुढे 1761मध्ये, इतर लेखनावरच्या पाखंडाच्या आरोपावरून, गळा आवळून मारून जाळण्यात आले. भूकंपाला शिक्षा म्हणणे मात्र सुशिक्षित जगात हळूहळू असभ्य ठरत गेले. हे उत्तर मागे पडल्यावर रिकाम्या जागी पापासाठी घडवलेली परवानगी सरकली आणि भूकंप, कर्करोग, अपघात या सगळ्यांना लावली जाऊ लागली. अ‍ॅक्वायनसच्या कुंपणाबाहेर ती नेमकी केव्हा गेली हे कोणत्याही परिषदेने ठरवलेले नाही. कॅथलिक चर्चच्या 1992च्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथातल्या दोन परिच्छेदांत कुंपण अजून जाग्यावर दिसते: निसर्गातल्या विनाशाचा विचार 310व्या परिच्छेदात पूर्णत्वाकडे अजून वाटचाल करत असलेल्या सृष्टीचा भाग म्हणून येतो, आणि देव ‘होऊ देतो’ हे पुढच्या, 311व्या परिच्छेदात, केवळ नैतिक दुष्टपणाबद्दल म्हटले आहे.