वीज वाचवायला पैसे कोण देतो?
घरगुती वीजबचतीच्या योजनांची पन्नास वर्षे

स्मरणिकेसाठी ‘सोसायटीच्या आठवणी’ लिहिणारे बरेच जण आहेत, तेव्हा तुम्ही जरा वेगळं काहीतरी द्या, असं संपादक मंडळाने सांगितलं. गेल्या वार्षिक सभेत गच्चीवरच्या सोलरवरून आणि ‘सरकार सबसिडी देतंय तर घ्यायला काय हरकत आहे’ यावरून दीड तास चर्चा झाली, निर्णय झाला नाही. त्याच वेळी मनात आलं की घरातली वीज वाचवण्यासाठी लोकांना पैसे देण्याचा हा उद्योग जगात कधी सुरू झाला, कुठे साधला, कुठे फसला, हे एकदा मांडावं. बँकेत माझी बरीचशी नोकरी कर्जविभागात गेली. त्यामुळे या विषयाकडे मी इंजिनियरच्या नव्हे, वसुली अधिकाऱ्याच्या नजरेने बघतो, हे आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात १९७३ च्या तेलसंकटापासून. अरब देशांनी तेल रोखलं, भाव चौपट झाले, आणि अमेरिकेसारख्या देशालाही काटकसर आठवली. १९७८ मध्ये तिथे कायदा झाला की मोठ्या वीज आणि गॅस कंपन्यांनी ग्राहकांच्या घराची तपासणी करून ऊर्जा कुठे वाया जाते ते सांगावं. सल्ला मिळायचा, पण पुढचं सगळं ज्याचं त्याने करायचं. कंत्राटदार शोधा, पैसे उभे करा, काम नीट झालं का ते बघा. साहजिकच फार थोड्या घरांनी तपासणीसाठी बोलावलं आणि त्यातल्याही सगळ्यांनी काम केलं नाही.

आता प्रश्न असा की वीज विकणारी कंपनी लोकांना ‘कमी वापरा’ का सांगेल? ठेवींचं टार्गेट असलेल्या शाखाधिकाऱ्याला ‘ग्राहकांना पैसे काढायला सांगा’ म्हणण्यासारखंच हे. याचं उत्तर दोन ठिकाणी मिळालं. कॅलिफोर्नियात १९८२ पासून नियामक आयोगाने वीज कंपनीचं ठरलेलं उत्पन्न आणि विकलेले युनिट यांची गाठ सोडवली. विक्री कमी झाली तरी कंपनीचं नुकसान होणार नाही अशी व्यवस्था केली. दुसरं उत्तर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात मिळालं, आणि ते फार महाग पडलं. वॉशिंग्टन राज्यातल्या सार्वजनिक वीजसंस्थांनी एकत्र येऊन पाच अणुवीज प्रकल्प काढले. मागणी वाढतच जाणार असं गृहीत धरून कर्जरोखे विकले. मागणी तेवढी वाढली नाही, खर्च मात्र वाढतच गेला. १९८३ मध्ये यातल्या दोन प्रकल्पांचे सव्वादोनशे कोटी डॉलरचे रोखे बुडाले. त्या काळातली अमेरिकेतल्या सार्वजनिक संस्थांच्या रोख्यांची ती सर्वांत मोठी थकबाकी. तोवर १९८० मध्येच कायदा झाला होता की त्या भागात नवं वीजकेंद्र बांधण्याआधी बचतीचा विचार करा. वाचवलेला युनिट हाही निर्माण केलेला युनिटच, आणि तो बहुधा स्वस्त पडतो. ही गोष्ट लोकांना पुस्तकातून नाही, बुडालेल्या रोख्यांतून पटली!

त्याच भागात, ओरेगॉन राज्यातल्या हूड रिव्हर या छोट्या गावात १९८३ ते १९८५ या काळात एक प्रयोग झाला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत शिकण्यासारखा भाग, म्हणून इथे जरा थांबतो. कोलंबिया नदीकाठचा हा थंड मुलूख. घरं विजेवर तापवायची. कल्पना अशी की घराची दुरुस्ती, म्हणजे छतात आणि भिंतीत थंडी अडवणारे थर, खिडक्यांना जादा काचा, फटी बुजवणं, हे सगळं वीज खात्याच्या खर्चाने करायचं आणि बघायचं की जास्तीत जास्त किती घरं येतात. एकूण सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाला. घरमालकाने अर्ज करायचा, बाकी तपासणी, कंत्राटदार, कामाची पाहणी सगळं योजनेकडे. पात्र घरं सुमारे साडेतीन हजार. त्यातल्या ९१ टक्के घरांनी तपासणी करून घेतली आणि ८५ टक्के घरांत प्रत्यक्ष काम झालं. एरवी अशा योजनांपासून लांब राहणारे भाडेकरू आणि कमी उत्पन्नाची कुटुंबंही आली. जाहिरातीवर फारसा जोर द्यावा लागला नाही. शेजाऱ्याच्या घरी काम झालेलं बघून शेजारी आला.

फुकट म्हटल्यावर येणारच की, असं कोणीही म्हणेल. पण अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच काळात अनेक योजनांची तुलना केली, तेव्हा दिसलं की सबसिडी सारखीच असूनही एका ठिकाणी दुसऱ्याच्या कितीतरी पट लोक येतात. फरक कशाचा? योजना चालवणारी संस्था विश्वासाची आहे का, कागदपत्रं किती, काम बिघडलं तर कोणाला धरायचं, याचा. न्यूयॉर्कमध्ये तर गंमतच झाली. वीजबचतीचं तेच माहितीपत्रक काही घरांना वीज कंपनीच्या नावाने आणि काहींना राज्याच्या नियामक आयोगाच्या नावाने पाठवलं. आयोगाच्या नावाचं पत्रक मिळालेल्यांनी जास्त वीज वाचवली. मजकूर तोच, लेटरहेड वेगळं! आमच्याकडे एकच मुदत ठेव योजना एका शाखेत धडाधड खपायची आणि शेजारच्या शाखेत पडून राहायची, ती का, हे कुठल्याही बँकवाल्याला विचारा.

हूड रिव्हरची दुसरी बाजूही सांगायला हवी. काम झाल्यावर मीटर मोजले, तर बचत अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी निघाली. म्हणजे योजना खोटी होती असं नाही. मधल्या काळात विजेचे दर वाढले होते, लोकांनी आधीच वापर कमी केला होता, लाकडाच्या शेगड्या पेटवायला सुरुवात केली होती. कागदावरचा हिशेब मात्र घर पूर्वीसारखीच वीज खातं असं धरून केलेला. तरी त्या लोकांचं कौतुक असं की त्यांनी आकडे लपवले नाहीत. अंदाज आणि प्रत्यक्ष मीटर वेगळे ठेवायचे, हा धडा तिथून मिळाला.

कर्जाच्या मार्गाने गेलेली योजना बघायची तर ब्रिटनकडे बघावं. २०१३ च्या जानेवारीत तिथे ‘ग्रीन डील’ सुरू झाली. घराची दुरुस्ती कर्जावर करा आणि हप्ता विजेच्या बिलातून फेडा. हप्ता अपेक्षित बचतीपेक्षा जास्त नसावा असा नियम. कर्ज माणसाच्या नव्हे, मीटरच्या नावावर. घर विकलं तर पुढचा राहणारा फेडणार. ऐकायला किती छान! पण व्याजदर सात टक्के किंवा त्याहून जास्त, तोही तिथल्या मध्यवर्ती बँकेचा दर अर्धा टक्का असताना. त्यात आधी तपासणी, मग कोटेशन, मग करारनामे. घर विकताना ‘या मीटरवर कर्ज आहे’ हे गिऱ्हाईकाला सांगायचं, ही वेगळीच अडचण. सदनिका विकताना एनओसीसाठी थकबाकीचा प्रश्न आला की काय होतं ते आपल्या कमिटीला चांगलं माहीत आहे. सुरुवातीला २०२० पर्यंत १ कोटी ४० लाख घरांची भाषा होती. कर्ज घेतलं सुमारे १४ हजार घरांनी. २०१५ च्या जुलैत सरकारने हात आखडता घेतला. त्यांच्या लेखापरीक्षकांनी पुढच्या वर्षी सरकारी तिजोरीचे २४ कोटी पौंड गेल्याचं नोंदवलं.

ऑस्ट्रेलियात याच्या उलट घडलं. २००९ मध्ये तिथे छतात उष्णतारोधक थर जवळजवळ फुकट बसवून देण्याची घाईची योजना आली. एका वर्षात दहा लाखांहून अधिक घरं झाली. पण रातोरात उगवलेले कंत्राटदार आणि प्रशिक्षण नसलेले कामगार यांपायी चार तरुण कामगारांचा जीव गेला, आगी लागल्या, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद करावी लागली. पुढे त्यावर चौकशी आयोग बसला. ऐंशीच्या दशकातले आपल्याकडचे कर्जमेळावे ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. उद्दिष्ट आकड्यात दिलं आणि तपासणी मागे ठेवली की हेच होतं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात हा विचार उशिरा आला असं नाही. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले प्रा. अमूल्य रेड्डी ऐंशीच्या दशकापासून सांगत होते की लोकांना युनिट नको असतात, उजेड, गारवा आणि पाणी हवं असतं. पुण्यातल्या ‘प्रयास’ संस्थेच्या गिरीश संत आणि सहकाऱ्यांनी हाच धागा पुढे नेला. २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, २००६ पासून फ्रिजवर तारे दिसू लागले. आपल्या सोसायटीच्या जुन्या सभासदांना त्या वर्षांची आठवण वेगळ्याच कारणाने असेल. वीज मंडळाचं २००५ मध्ये विभाजन झालं, आणि महाराष्ट्रभर भारनियमनाने कहर केला होता. लिफ्ट बंद, टाकीत पाणी नाही, आणि परीक्षा ऐन तोंडावर.

त्याच सुमारास नाशिक भागात महावितरणने सीएफएल दिव्यांची प्रायोगिक योजना केली आणि दिव्याची किंमत बिलातून हप्त्याने देण्याची सोय ठेवली. ब्रिटनच्या आधी, आणि कितीतरी सोप्या रूपात. मग २००९ ची ‘बचत लॅम्प योजना’. जुना पिवळा बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल न्या. उरलेली किंमत कार्बन क्रेडिट विकून भरून काढायची. पण त्या क्रेडिटचे जागतिक बाजारातले भाव कोसळले आणि योजनेचा श्वास कोंडला. परदेशी बाजाराच्या भावावर आपल्या जिन्यातला दिवा टांगून ठेवला की असं होतं.

त्यातून शिकून जी योजना आली ती मात्र जगाने नोंद घ्यावी अशी. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेली, पुढे ‘उजाला’ नावाने ओळखली गेलेली एलईडी बल्बची योजना. यात सरकारी सबसिडी नव्हती. ईईएसएल या सरकारी कंपनीने लाखोंच्या संख्येने बल्ब एकत्र खरेदी केले. त्यामुळे २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना मिळणारा बल्ब कंपनीला २०१६ पर्यंत ३८ रुपयांत मिळू लागला. ग्राहकाने विजेचं बिल दाखवायचं आणि बल्ब घ्यायचे, हवं तर महिन्याला दहा रुपये बिलातून. ना तपासणी, ना हमीदार, ना फॉर्मच्या तीन प्रती. देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब गेले. त्या वेळी बिल आणि पिशवी घेऊन रांगेत उभे राहिलेले आपल्यातले अनेक जण आहेत.

पण बल्ब ही सोपी गोष्ट होती, हेही खरं. स्टुलावर चढलं की काम झालं. घराची खरी दुरुस्ती तशी नाही. आणि आपल्या सोसायटीचा प्रश्न नेमका तिथे आहे. शेवटच्या मजल्यावरच्या सभासदांची घरं एप्रिल-मे मध्ये भट्टीसारखी तापतात, म्हणून त्यांचे एसी जास्त चालतात. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक थर दिला तर त्यांचं बिल उतरेल. पण गच्ची सोसायटीची, खर्च सगळ्यांचा, फायदा चौघांचा. भाड्याने दिलेल्या सदनिकांत तर मालक चांगला पंखा घेत नाही, कारण बिल भाडेकरू भरतो, आणि भाडेकरू घेत नाही, कारण घर त्याचं नाही. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी तिशीच्या आसपास. रोज १५ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर सुमारे २०० युनिट वाचतात. युनिट दहा रुपये धरलं तर एका पंख्यामागे दोन हजार रुपये. हे पैसे दर वर्षी जातात आणि कोणाच्याच हिशेबात येत नाहीत.

सोलरसाठी २०२४ च्या फेब्रुवारीपासून ‘पीएम सूर्यघर’ योजना आहे. स्वतंत्र घराला तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८ हजार रुपये, आणि आपल्यासारख्या सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. सभेत सगळी चर्चा या १८ हजारांवर झाली. माझं म्हणणं असं की आधी पंप, जिना आणि पार्किंगचा वापर कमी करा, मग उरेल तेवढ्याच विजेचं सोलर बसवा. चोक असलेली जुनी ट्यूब ५० वॅट घेते, एलईडी २०. जिन्यात रोज १२ तास जळणाऱ्या एका ट्यूबमागे वर्षाला १३० युनिट वाचतात. कमी वापराला लहान सोलर पुरतं, आणि लहान सोलरला कर्जही लहान. बाकी कंत्राटदार निवडणं, महावितरणचा अर्ज, पाच वर्षांची देखभाल हे सगळं एका उपसमितीने अंगावर घ्यावं. दर सभासदाने स्वतः पोर्टलवर जाऊन अर्ज करावा म्हटलं, तर तीन घरं होतील आणि बाकीचे ‘बघू’ म्हणतील. गच्चीच्या थराचा खर्च निम्मा सोसायटीने आणि निम्मा वरच्या मजल्याने असा वाटून घेता येईल. यावर वरच्या मजल्याचं मत मी अजून घेतलेलं नाही.

आणखी एक. ऑफिसमधल्या लोखंडी कपाटात सामाईक मीटरची जुनी बिलं वर्षावार फायलींत लावलेली आहेत. ही फाइलिंगची शिस्त पहिल्या कमिटीने घालून दिली. काम सुरू करण्याआधी निदान गेल्या तीन वर्षांचे युनिट महिन्यावार एका कागदावर उतरवून घ्यावेत, रुपये नकोत, युनिट. ते काम मी करून देतो, दुपारी वेळ असतो. कपाटाची किल्ली तेवढी सेक्रेटरींनी वॉचमनकडे ठेवावी.