रेस देताना बाईक झटके मारते? जोडउपकरण विकत घेण्याआधी हे वाचा

अमरावती–नागपूर चौपदरी रस्त्यावर ६०–७०च्या वेगाने चाललेली बाईक लोण्यासारखी चालते. तीच बाईक गुरुकुंज मोझरीला महामार्ग सोडून गावात वळली, दुसऱ्या गिअरमध्ये आली, की कुरकुर सुरू होते. रेस सोडली की गाडी एकदम अडते, थोडी दिली की पुढे हिसका मारते. मागे बसलेल्या माणसाचं डोकं आपल्या हेल्मेटवर आपटतं. आश्रमाच्या पुण्यतिथी महोत्सवात रस्त्याने दिंड्या चालत असतात. अशा गर्दीत गाडी चालण्याच्या वेगाने न्यावी लागते, तेव्हा हा त्रास धोकाच होतो. वळणावर गिट्टी किंवा वाळू असेल, तर नको त्या क्षणी बसलेला झटका मागचं चाक घसरवू शकतो.

यावर उपाय शोधायला मोबाइल उघडला की जाहिराती दिसतात: ‘ही चिप लावा, गाडी मख्खन होईल’, ‘दहा मिनिटांत पिकअप वाढवा’. या जोडउपकरणांपैकी काही खरंच काम करतात, काही निव्वळ फसवणूक आहेत. आणि बऱ्याच गाड्यांना त्यांची गरजच नसते.

थोडक्यात

• झटक्याची मुख्य कारणं दोन: कुठेतरी वाढलेली ढिलाई आणि इंधनाचं पातळ मिश्रण.
• इंधनाची जोडउपकरणं फक्त दुसऱ्या कारणावर चालतात. चेन ढिली असेल तर कितीही महागडी चिप लावली तरी झटका जाणार नाही.
• म्हणून आधी केबल, चेन, हब रबर, फिल्टर आणि थ्रॉटल बॉडी तपासा, उपकरणाचा विचार त्यानंतर करा.

झटका नेमका येतो कुठून?

तुमच्या मनगटापासून मागच्या चाकापर्यंत एक साखळी आहे: रेसची मूठ, केबल, थ्रॉटल बॉडीतली झडप, इंजिन, क्लच, गिअर, चेन, हब आणि चाक. यातल्या प्रत्येक जोडावर थोडी मोकळी जागा असते. रेस सोडली की चाक इंजिनाला ओढतं आणि सगळी ढिलाई एका बाजूला जाते. पुन्हा रेस दिली की इंजिन चाकाला ओढतं आणि ढिलाई दुसऱ्या बाजूला जाऊन आपटते. हे आपटणं म्हणजेच झटका. ढिलाई जितकी जास्त, झटका तितका मोठा.

दुसरं कारण इंधनाचं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि स्प्लेंडरसारख्या रोजच्या गाड्यांतूनही कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता किती पेट्रोल सोडायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. प्रदूषण कमी राहावं म्हणून ईसीयू कमी रेसवर मिश्रण या प्रमाणाच्या आसपासच ठेवतो. पण इंजिन सर्वात गुळगुळीत चालतं ते याहून थोड्या दाट मिश्रणावर.

त्यात आणखी एक गोष्ट. चालत्या गाडीत रेस पूर्ण सोडली की ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतो. पुन्हा रेस दिली की ते अचानक सुरू होतं. शिवाय थ्रॉटलची झडप बंद अवस्थेतून उघडताना पहिल्या काही अंशांतच हवेचं प्रमाण कितीतरी पटीने वाढतं. ५० किलोमीटरच्या वेगाला हे जाणवत नाही, १५ला जाणवतं.

हलकी गाडी आणि ताकदवान एका सिलिंडरचं इंजिन असेल तर त्रास अधिक. पुण्याजवळ चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूक हे त्याचं ओळखीचं उदाहरण. २०१३ला भारतात आलेल्या पहिल्या पिढीच्या या गाडीबद्दल गर्दीत, कमी वेगात हिसके बसण्याची तक्रार नेहमी ऐकू यायची. २०१७च्या पिढीत केबल जाऊन विजेवर चालणारं ‘राइड बाय वायर’ थ्रॉटल आलं.

तुमच्या गाडीचा आजार कोणता?

झटका केव्हा बसतो, त्यावरून बरंच कळतं.

• रेस सोडून पुन्हा देताना, खट्ट आवाजासह: बहुधा चेन किंवा हब रबर.
• मूठ थोडी फिरवूनही काही होत नाही, मग एकदम गाडी उचलते: केबल ढिली.
• रेस एकाच जागी धरूनही गाडी मागेपुढे करते: पातळ मिश्रण, घाणेरडी थ्रॉटल बॉडी किंवा इनटेकच्या रबराला चीर.
• जोरात रेस दिल्यावर अडखळते: प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल पंप किंवा टाकीत पाणी.
• फक्त सकाळी, इंजिन थंड असताना: दोन-तीन मिनिटांत थांबत असेल तर काळजी नको.

टाकीतल्या पाण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. आता पंपावर मुख्यतः ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर अर्ध्या टाकीवर उभी राहिली असेल, तर आधी पेट्रोल बदलून पाहा.

आधी कमी खर्चाची तपासणी

केबल: मूठ फिरवताना केबल ताणली जाण्याआधी साधारण २ ते ३ मिलिमीटर मोकळी फिरली पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. केबल ताणल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवा. रेस आपोआप वाढली तर केबल जास्त ताणली आहे, आणि ते झटक्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. मूठ सोडली की ती खाडकन परत आलीच पाहिजे.

चेन: इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. खालच्या बाजूची चेन मधोमध धरून वर-खाली करा. रोजच्या गाड्यांत हा खेळ सहसा २० ते ३० मिलिमीटर असतो. चेन पूर्ण झाकलेली असेल तर कव्हरवरची रबरी टोपी काढून पाहता येते. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली असेल तर चेन-स्प्रॉकेटचा संच बदलायची वेळ आली. वऱ्हाडातल्या काळ्या मातीची धूळ चेनच्या तेलात मिसळली की त्याची घासणारी लुगदी होते. शेतरस्त्याने जाणाऱ्यांनी चेन महिन्यातून दोनदा तरी पुसून तेल द्यावं.

हब रबर: मिस्त्री याला ड्रम रबरही म्हणतात. मागचं चाक उचलून, हाताने घट्ट धरून मागचा स्प्रॉकेट पुढे-मागे हलवा. तो चाकापासून वेगळा खटखट हलत असेल तर रबर झिजले. हे स्वस्त असतात, पण लक्षात कोणी घेत नाही.

फिल्टर, प्लग, थ्रॉटल बॉडी: एअर फिल्टर धुळीने भरला, प्लग काळवंडला किंवा थ्रॉटल बॉडीत काजळी साचली, तर ईसीयूचा हिशेब चुकतो. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांत ईसीयू रिसेट करावा लागतो. ते सर्व्हिस सेंटरलाच करून घ्या. थ्रॉटल बॉडीवरच्या रंग लावलेल्या स्क्रूला हात लावू देऊ नका. तो कारखान्यात बसवलेला असतो.

गाडी जुनी, कार्बोरेटरची असेल तर खाली सांगितलेली इंधनाची उपकरणं तिच्या कामाची नाहीत. कार्बोरेटर साफ करून, स्लो जेट मोकळा करून एअर स्क्रू बसवला की बहुधा काम होतं.

बाजारातली जोडउपकरणं: कोण काय करतं?

१. तापमान सेन्सरची ‘चिप’. हवा थंड असली की ती दाट असते, म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवतो. ही चिप हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडली जाते आणि ईसीयूला खोटंच सांगते की हवा थंड आहे. चांगल्या बनावटीच्या उपकरणाने कमी रेसवरची चाल खरंच मऊ होते. पण जाहिरातीतली कित्येक ‘चिप’ म्हणजे डबीत बसवलेला काही रुपयांचा रेझिस्टर असतो. शिवाय एकसारख्या वेगात ऑक्सिजन सेन्सर चालू असतो, तो ही लबाडी पकडून मिश्रण पुन्हा पातळ करतो. म्हणजे फायदा मुख्यतः रेस देतानाच्या क्षणापुरता.

२. इंधन नियंत्रक. हे ईसीयू आणि इंजेक्टर किंवा सेन्सर यांच्यामध्ये बसतात आणि पेट्रोलचं प्रमाण बदलतात. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे फ्युएल-एक्स आणि पॉवरट्रॉनिक, परदेशी पॉवर कमांडर ही माहितीतली नावं. पातळ मिश्रणावरचा हा सर्वात परिणामकारक उपाय, पण तुमच्याच मॉडेलसाठी बनलेला आणि नीट बसवलेला असेल तरच.

३. वेगळ्या आकाराची रेस ट्यूब. मुठीच्या आत केबल ज्यावर गुंडाळते ती नळी गोल असते. तिचा आकार बदलला की सुरुवातीला केबल हळू ओढली जाते. इंधनात कसलाच बदल होत नाही, फक्त मनगट शांत होतं. मात्र मोजक्याच मॉडेलसाठी मिळते.

४. थ्रॉटल कंट्रोलर. फक्त राइड बाय वायर गाड्यांसाठी. मुठीचा संदेश ईसीयूकडे जाताना तो हळू किंवा जलद करतो. ‘स्पोर्ट’वर ठेवला तर झटका वाढतो. आपल्याला हवा तो उलटा, मवाळ मोड. गाडीत ‘रेन’ मोड असेल तर आधी तो वापरून पाहा, तो फुकट आहे.

आणि जे झटक्यासाठी उपाय म्हणून विकलं जातं पण उलटं काम करतं: उघडा कोन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर. दोन्हींमुळे मिश्रण आणखी पातळ होऊ शकतं. इरिडियम प्लगने खराब प्लगची जागा घेतली तर फरक पडेल, चांगल्या प्लगच्या जागी फारसा नाही.

अमरावती-अकोल्याच्या उन्हात रेझिस्टर काय करतो?

तापमान सेन्सरचा विद्युत रोध उन्हाने कमी होतो आणि थंडीने वाढतो. स्वस्त चिपमधला रेझिस्टर मात्र तेवढाच राहतो. डिसेंबरच्या पहाटे सेन्सरचा रोध मोठा असतो, त्यामुळे रेझिस्टरची भर किरकोळ ठरते. मे महिन्यात पारा ४५ला टेकला की सेन्सरचा रोध खूप घटतो आणि तीच भर मोठी होते. म्हणजे मे महिन्यात चिप गरजेपेक्षा जास्त पेट्रोल ओतायला लावते आणि डिसेंबरात जवळपास काहीच करत नाही.

हिशेब असा: ४५ अंशांची हवा २५ अंशांची भासवली, तर घनतेच्या फरकाने पेट्रोल ६ ते ७ टक्के वाढतं. ही वाढ ॲव्हरेजमधून जाते. मिश्रण फार दाट झालं तर प्लग काळा होतो आणि सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होऊ शकतो.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. परवानगी नसलेले सुटे भाग बसवून बदल केल्यास कलम १८२-ए(४) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दाट मिश्रणाने कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन वाढतात, आणि पीयूसीत हेच दोन मोजतात. वायरिंग कापलं की त्या भागाची वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं. त्यामुळे घ्यायचंच असेल तर मूळ सॉकेटला लागणारं, वायर न कापता काढता येणारं उपकरण घ्या. बसवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला तर ते लगेच काढा.

पैसे न लागणारा उपाय: चालवण्याची पद्धत

गर्दीत रेस पूर्ण सोडू नका. केसभर धरून ठेवा आणि मागचा ब्रेक हलका दाबून वेग आवरा. इंजिन चेन ओढतच राहतं, ढिलाई आपटत नाही आणि पेट्रोलही तुटत नाही. अगदी हळू जाताना अर्धा क्लच वापरा, पण वळण संपेपर्यंतच. मुठीवर सगळा पंजा आवळण्याऐवजी एक बोट पुढच्या ब्रेकवर टेकवून ठेवलं, तर खड्ड्यात हात हलला तरी रेस हलत नाही.

कोणत्या क्रमाने जायचं?

पहिल्या दिवशी केबल आणि चेन. पुढच्या सर्व्हिसिंगला हब रबर, फिल्टर, प्लग आणि थ्रॉटल बॉडी. सोबत महिनाभर चालवण्याची पद्धत बदलून पाहा. एवढं करूनही दुसऱ्या गिअरमध्ये हिसका उरला, तरच उपकरणाकडे वळा. आणि दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हे माझ्या गाडीच्या कोणत्या सेन्सरला काय सांगतं? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच राहू द्या.