धुलाईयंत्र, घरगुती : पुढच्या दाराचे आणि वरच्या झाकणाचे

घरातले कपडे धुणे, खळबळणे आणि पिळणे ही कामे विजेवर करणारे यंत्र. बोलताना सगळे वॉशिंग मशीनच म्हणतात. दुकानात त्याचे दोन मुख्य प्रकार समोर येतात : गोल काचेचे दार पुढे असलेले फ्रंट लोड आणि झाकण वर असलेले टॉप लोड. डोळ्यांना दिसणारा हा फरक वरवरचा आहे. ड्रम आडव्या आसावर फिरतो की उभ्या, यावर पाणी, वीज, वेळ, साबण आणि दुरुस्तीचा खर्च ठरतो. निवडीचा विचार येथे महाराष्ट्र आणि गोव्यातील घरे डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

रचना व कार्य : पुढच्या दाराच्या यंत्रात ड्रम आडवा असतो आणि त्याच्या आतल्या अंगाला उंचवट्याच्या पट्ट्या असतात. ड्रम फिरला की या पट्ट्या कपडे वर उचलतात आणि माथ्याजवळून खालच्या पाण्यात आपटतात. धोबी घाटावर जे करतो तेच हे, फक्त सावकाश आणि तासभर. त्यासाठी गती नेमकी लागते. सुमारे 48 सेंमी व्यासाचा ड्रम मिनिटाला साठाहून जास्त फेरे घेऊ लागला, तर कपडे ड्रमच्या भिंतीला चिकटून राहतात, खाली पडतच नाहीत. म्हणून धुताना फेरे साधारण 45 ते 55 ठेवतात. पिळताना मात्र हे चिकटणेच हवे असते. मिनिटाला 1,200 फेऱ्यांना त्याच ड्रममधील कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 385 पट जोर येतो आणि पाणी ड्रमच्या भोकांतून बाहेर फेकले जाते.

वरच्या झाकणाच्या यंत्रात टब उभा असतो. भारतात मिळणाऱ्या यंत्रांत त्याच्या तळाशी पल्सेटर नावाची चकती असते. ती उलटसुलट फिरून पाण्याला भोवरा देते आणि कपडे एकमेकांवर घासून निघतात. अमेरिकेत चकतीच्या जागी टबाच्या मधोमध पंखांचा खांब, म्हणजे ॲजिटेटर, असे. दोन्हींत कपडे पाण्यात तरंगावे लागतात, म्हणून टब भरावा लागतो. पाण्याचा सगळा खर्च येथून सुरू होतो. पिळण्याची गतीही कमी, साधारण 700 फेऱ्यांच्या आसपास असते. त्या गतीला कपड्यांवरचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 130 पटींपर्यंतच जातो. उभ्या भोवऱ्यात साडी, ओढणी, नाडीचे पायजमे यांचा गुंता होतो आणि पाचवारीचा पीळ सोडवताना कामाला आलेल्या मावशी यंत्राला चार शब्द ऐकवतात. जाळीची पिशवी वापरली तर हा त्रास बराच टळतो.

फ्रान्समध्ये जेमतेम 40 सेंमी रुंदीची, वरून उघडणारी पण आडव्या ड्रमची यंत्रे चालतात. झाकण पाहून प्रकार ठरवू नये, याला तो चांगला पुरावा आहे.

इतिहास : हाताने फिरवायच्या ड्रमचे पेटंट अमेरिकेत जेम्स किंग याने 1851 मध्ये घेतले. घरगुती स्वयंचलित यंत्र 1937 मध्ये बेंडिक्स कंपनीने आणले आणि ते पुढच्या दाराचे होते. हादरे शोषून घेण्याची सोय त्यात नव्हती, त्यामुळे ते जमिनीला बोल्टने आवळून ठेवावे लागे. 1947 पासून जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी वरच्या झाकणाची स्वयंचलित यंत्रे बाजारात आणली आणि पुढची पन्नासएक वर्षे अमेरिकी घरांत त्यांचेच राज्य राहिले. तिथे तळघर मोठे, पाणी मुबलक, आणि गरम पाणी घरच्या बॉयलरमधून आयते मिळणारे. युरोपात यंत्राला स्वयंपाकघराच्या ओट्याखालचा 60 सेंमी रुंद आणि 85 सेंमी उंच कोनाडा मिळाला. तिथे झाकण वर उघडणार कसे? शिवाय जर्मनीकडे पांढरे सुती कपडे जवळजवळ उकळत्या पाण्यातून काढण्याची जुनी सवय, आणि उकळायचे तर थोडे पाणी असलेले बरे. म्हणून युरोपने आडवा ड्रम आणि आतला हीटर पत्करला. जपानात कपडे थंड पाण्यात धुतात. सान्यो कंपनीने 1953 मध्ये तेथे पल्सेटरचे यंत्र आणले, ते रुजले; आंघोळीच्या टबातले उरलेले पाणी नळीने यंत्रात ओढून घेण्याची सोयही तिकडच्या यंत्रांत असते. दोन यंत्रांतले भांडण असे आधी घरांच्या रचनेतून आणि पाण्याच्या सवयींतून जन्मले आहे.

अमेरिकेतील वारे फिरले ते 1997 च्या सुमारास. मेटॅग कंपनीने त्या वर्षी नेपच्यून हे पुढच्या दाराचे यंत्र आणले. कॅन्सस राज्यातील बर्न या सुमारे दोनशे वस्तीच्या गावात घरोघरची जुनी यंत्रे काढून ही नवी बसवण्यात आली आणि ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने मोजमाप केले. धुण्याच्या एका खेपेला जुने यंत्र सरासरी 157 लिटर पाणी घेत होते, नव्याने ते 98 लिटरवर आणले. धुण्यासाठी लागणारी ऊर्जा सुमारे 58 टक्क्यांनी घटली. घरे तीच, माणसे तीच, मळ तोच, म्हणून या आकड्यांना वजन आहे. आजची पुढच्या दाराची यंत्रे याहूनही कमी पाण्यात काम भागवतात.

भारतात घराघरांत हे यंत्र पोचवले ते दोन टबांच्या अर्धस्वयंचलित प्रकाराने. एका टबात धुवायचे, ओले कपडे हाताने उचलून दुसऱ्यात पिळायचे. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा त्यात मोठा वाटा होता. पुढच्या दाराची यंत्रे येथे रुजवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी आयएफबीला जाते. बॉश-सीमेन्सच्या तंत्रसाहाय्याने सुरू झालेला तिचा कारखाना गोव्यात वेर्णा येथे आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2019 मध्ये धुलाईयंत्रांसाठी तारांकनाची योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू केली. तीत विजेबरोबर दर किलो कपड्यांमागे लागणारे पाणीही मोजले जाते. ते लेबल वाचल्याशिवाय यंत्र घेऊ नये. दुकानदार डिस्प्ले आणि रंग दाखवतो, लेबलकडे बोट करत नाही.

पाणी, दाब व क्षार : कमी पाणी लागते म्हणून पुढच्या दाराचे यंत्र दुष्काळी भागाला योग्य, असा निष्कर्ष कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात दाब आडवा येतो. ही यंत्रे नळाला जोडूनच चालतात आणि त्यांना किमान 0.3 बार, काही यंत्रांना त्याहून अधिक दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी नळाच्या 3 मीटर वर असेल तर 0.3 बार मिळतो. 1 बार हवा असेल तर सुमारे 10 मीटर उंची लागते. त्यामुळे एकाच इमारतीत तळमजल्यावरच्या घरात यंत्र सुरळीत भरते आणि सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी पायथ्याशी राहणाऱ्याच्या घरी ते पाणी नसल्याचा इशारा देत थांबून राहते. यंत्रात दोष नसतो. नळीच्या तोंडाची बारीक जाळी साफ करून पाहावी, तरीही न भागल्यास प्रेशर पंप बसवावा लागतो आणि तो खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

नळाला आठवड्यातून एक-दोनदाच पाणी येणाऱ्या गावात, किंवा टँकरवर भिस्त असलेल्या वस्तीत, हिशेब उलटतो. वरच्या झाकणाच्या यंत्रात बादलीने पाणी ओतता येते, पुढच्या दाराच्या यंत्रात येत नाही. दोन टबांच्या यंत्राची हातोटी तर वेगळीच : एकाच साबणपाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी काढायची आणि खळबळलेले पाणी बादलीत धरून फरशीला वापरायचे. अशा घरात एका खेपेमागचे पाणी मोजणाऱ्या लेबलला फारसा अर्थ उरत नाही. अर्धस्वयंचलित यंत्राला कमी लेखणाऱ्यांनी ही काटकसर एकदा पाहावी.

क्षारांचा मुद्दा दाबाइतकाच महत्त्वाचा. भारतीय मानक 10500 नुसार पिण्याच्या पाण्याची कठिणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालवून घेतली जाते. मुंबईच्या तलावांचे पाणी मऊ. पठारावरच्या बोअरचे पाणी मात्र अनेक ठिकाणी जड. बादलीच्या काठावर पांढरी रेघ उमटत असेल, तर हीच पुटे हीटरवर चढतात. हीटर बहुतेक पुढच्या दाराच्या यंत्रांत असतो, त्यामुळे तो आधी बळी पडतो. जड पाण्यात साबणही जास्त लागतो, पण पुढच्या दाराच्या यंत्रात साबण वाढवला की फेस होतो आणि फेसाच्या गादीवर कपडे अलगद पडतात. आपटणे संपले की धुणेही संपले. कमी फेसाची मॅटिक पावडर याचसाठी वेगळी मिळते. साधी हातधुण्याची पावडर त्यात घालू नये.

वीज व वेळ : पुढच्या दाराच्या यंत्राचा हीटर सुमारे 2,000 वॉटचा असतो, त्यामुळे 16 अँपिअरचा प्लग पॉइंट लागतो. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यात जवळपास 0.6 युनिट जाते. मोटारीचा खर्च त्यापुढे किरकोळ. रोजचे कपडे थंड पाण्यात धुतले तर हा खर्च नाहीच. सुती कपड्यांचा पूर्ण कार्यक्रम दोन-तीन तास चालतो, वरच्या झाकणाचे यंत्र साधारण तासाभरात मोकळे होते. सकाळी साडेसातला नळ जाणाऱ्या घरात हा तासच निर्णायक ठरतो. मधेच वीज गेली तर बहुतेक यंत्रे थांबल्या जागेवरून पुन्हा सुरू होतात. राहून गेलेला मोजा टाकायचा असेल तर वरचे झाकण उघडता येते. पुढचे दार चालू धुण्यात कुलूपबंद असते.

पिळण्यातला फरक पावसाळ्यात खरा कळतो. कोकणात आषाढ-श्रावणात घरातल्या दोरीवर तीन-तीन दिवस कुबट वास मारणारे कपडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना 1,200 फेऱ्यांची किंमत सांगावी लागत नाही. याच दिवसांत एक सावधगिरी : रेनकोट, मेणकापड, पाणी न झिरपणारी गादीची खोळ पिळायला घालू नये. पाणी बाहेर न पडता झोळीत साचते आणि वेगात टबाचा तोल जातो. सॅमसंगने 2016 मध्ये अमेरिकेतील सुमारे 28 लाख वरच्या झाकणाची यंत्रे परत बोलावली, कारण पिळताना हादऱ्यांनी वरचा भाग निखळण्याचा धोका होता. गोधडी आणि सोलापुरी चादर यांच्यापुढे दोन्ही प्रकार हात टेकतात : आडव्या ड्रममध्ये गोधडीचा एकच गोळा होऊन यंत्र पिळायला नकार देते, उभ्यात ती वर तरंगत राहते. यंत्रावर लिहिलेले 7 किलो हे कोरड्या कपड्यांचे वजन आहे, हेही ध्यानात ठेवावे.

निगा : पुढच्या दाराभोवती रबराची जाड घडी असते. तिच्या खालच्या पन्हाळीत पाणी, केस आणि धाग्यांचा लगदा साचतो आणि काळी बुरशी धरते. अमेरिकेत या वासावरून व्हर्लपूलविरुद्ध ग्राहकांनी सामूहिक दावा केला. 2014 मध्ये क्लीव्हलंड येथील ज्यूरीने कंपनीच्या बाजूने कौल दिला. कौल काहीही असो, धुणे झाल्यावर घडी पुसून दार किलकिले ठेवणे हा एकच इलाज आहे. यंत्राच्या पायाशी असलेल्या झाकणाआडचा फिल्टर महिन्याला उघडला तर नाणी, पिना आणि कधी बटण हाती लागते. वरच्या झाकणाच्या यंत्राची निगा सोपी : जाळीतला कापूस काढायचा आणि चकतीखाली साबण साचू द्यायचा नाही. दोन्हींच्या तळाला उंदरांपासून बचाव करणारी जाळी असावी. आत शिरलेला उंदीर वायर आणि रबरी नळ्या कुरतडतो. आडव्या ड्रमचे बेअरिंग गेले तर खर्च मोठा येतो, कारण अनेक यंत्रांत बाहेरचा टब जोड न उघडता येईल असा बंद केलेला असतो.

जागा : पुढच्या दाराच्या यंत्रात हादरे धरण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, त्यामुळे वजन 60 ते 75 किलो भरते. वाहतुकीसाठी ड्रम अडकवणारे बोल्ट मागे असतात. ते न काढता यंत्र सुरू केले तर पहिल्याच पिळण्याला ते खोलीभर नाचते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधील ड्राय बाल्कनीत ते बसते, मात्र दार उघडायला पुढे मोकळी जागा हवी. गुडघे-कंबर दुखणाऱ्यांना वरचे झाकण सोयीचे, व्हीलचेअरवरच्या माणसाला पुढचे दार.

निवड : टाकीचे पाणी पुरेशा दाबाने चोवीस तास मिळत असेल, पाणी फार जड नसेल आणि कपडे घरातच वाळवावे लागत असतील, तर जास्त पैसे घालून पुढच्या दाराचे यंत्र घ्यावे, धुलाई, पिळणे आणि कपड्यांचे आयुष्य तिन्हींत ते सरस आहे. बोअरचे जड पाणी, कमी दाब किंवा सकाळची घाई असेल, तर वरच्या झाकणाचे यंत्र शहाणपणाचे. पाणी भरूनच ठेवावे लागत असेल तर दोन टबांचे पुरे. दुकानात जाण्याआधी घरच्या नळाखाली दहा लिटरची बादली धरून ती किती वेळात भरते ते पाहावे. दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला, तर कंपनीच्या माणसाला घरी बोलावून दाब मोजून घेतल्याशिवाय पुढच्या दाराचे यंत्र ठरवू नये.