मधला संगणक

पुण्यातल्या इंटरनेटचा इतिहास सांगताना विदेश संचार निगमची डायल-अप सेवा, २००५ साली आलेलं बीएसएनएलचं डेटावन आणि २०१६ सालचं जिओ हे टप्पे हमखास येतात. पण ही सगळी कंपन्यांची आणि जोडण्यांची मोजदाद झाली. घराघरांत इंटरनेट पोचलं कसं, याचं उत्तर मधल्या संगणकाकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही. एका संगणकाला वायर आली आणि त्याने ती दुसऱ्याला दिली, असं ते पसरलं. या शहराला त्याची सवय आधीपासून होती. फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, तेव्हा शेजारच्यांचा नंबर ‘पी. पी.’ म्हणून लग्नपत्रिकेवरही छापला जाई, आणि फोनवाल्या घरातलं कुणीतरी निरोप द्यायला जिना उतरून जाई. देणाऱ्याचे कष्ट त्या व्यवस्थेत गृहीतच धरलेले होते.

संगणकाच्या बाबतीत हे कष्ट अधिक ठळक दिसतात. १९९९ साली विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडणी वाटून घेण्याची सोय आली. मधल्या संगणकाला १९२.१६८.०.१ हा पत्ता मिळे, आणि मागची यंत्रं त्याच्या आडून बाहेर जात. बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसे. ब्रॉडबँड वाटायचं तर बहुधा मधल्या यंत्रात दोन नेटवर्क कार्डं लागत आणि दुसऱ्या यंत्रापर्यंत क्रॉस केबल ओढावी लागे. तिच्या एका टोकाला जिथे नारिंगी जोडी, तिथे दुसऱ्या टोकाला हिरवी. क्रिंपिंग करताना एक तार चुकली की पुन्हा कापून सुरुवात. केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणजे वाटणी फार तर शेजारच्या विंगपर्यंत. आणि मधला संगणक बंद झाला की सगळ्यांचंच इंटरनेट गेलं, म्हणून तो चालू ठेवायचा. वीजबिल अर्थातच त्या घराचं.

ही कंपनीची फसवणूक नव्हती का? डेटा मोजून पैसे घेणाऱ्या योजनेत कंपनीचं फारसं बुडत नव्हतं. शेजाऱ्याने वापरलेला प्रत्येक मेगाबाइट जोडणीधारकाच्याच बिलात येई. अमर्याद योजनेत मात्र कंपनीची तक्रार रास्त होती, हे मान्य करायला हवं. पण पत्ता वाटून घेणं ही मुळात इंटरनेटचीच गरज आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभर मिळून सुमारे ४२९ कोटीच. म्हणून १९९४ सालीच एका पत्त्याआड अनेक यंत्रं ठेवण्याची युक्ती मांडली गेली, आणि आजचा घरोघरचा राउटर तेच करतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धाडलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेल्याचं तपासात दिसलं. बाहेर पत्ता एकच दिसतो, त्यामुळे चौकशी जोडणीधारकाच्या दारात आली. गुन्ह्याशी त्याचा संबंध नव्हता. वाटणीचा हा धोका खरा आहे. पण वायर आणि उघडं वायफाय यांना एका मापाने मोजणं चूक ठरेल. वायर कुणाच्या खिडकीतून आत गेली हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तिथे विश्वास ओळखीच्या माणसावर टाकलेला असतो.

हे सगळं टंचाईपुरतं होतं, स्वस्ताई आली आणि प्रश्न मिटला, असंही म्हटलं जातं. टंचाई हे कारण होतंच, पण तेवढंच असतं तर २०१६ नंतर ही सोय अडगळीत जायला हवी होती. घडलं उलट. ज्या वर्षी जिओ आलं, त्याच वर्षी विंडोज १०मध्ये मोबाइल हॉटस्पॉटचं बटण आलं. लॅपटॉपला आलेली लॅनची वायर वायफायने आठ उपकरणांना देता येऊ लागली. पुण्यात शिकायला येणाऱ्यांना त्याचा उपयोग सांगावा लागत नाही. वसतिगृहाच्या खोलीत भिंतीवर एकच लॅन पॉइंट असेल आणि फोनला तर वायर लागतच नाही, तर लॅपटॉपलाच मध्ये बसावं लागतं. ज्याचा लॅपटॉप, त्याने तो रात्रभर चालू ठेवायचा, हा नियमही तसाच राहिला आहे.